मागील बाकी

माणसाला एखादा नाद असावा, पण त्या नादाला टेबल लागू नये, असं आमच्या आईचं ठाम मत होतं. गाणं हा तिच्या दृष्टीनं आदर्श नाद. गळ्यातच राहतो, जागा खात नाही, आणि पाहुणे आले की बंद करता येतो. पत्ते चालतील, खेळून झाले की डबीत जातात. वाचनही चालेल, कारण वाचणारा माणूस कोपऱ्यात पडून असतो आणि केर काढताना ‘पाय वर घ्या’ म्हटलं की घेतो. पण तारेचे वेढे घालणारा माणूस एकदा टेबलाशी बसला की त्याला केर, पाहुणे, नळाचं पाणी, जेवण, काही म्हणजे काही लागू पडत नाही. हे मत तिनं पुस्तकं वाचून बनवलेलं नव्हतं. तिनं आमच्या वडिलांशी लग्न केलं होतं.

ही सगळी आठवण निघाली ती भाच्याच्या फोनमुळे. भाचा लेस्टरला असतो. लेस्टर म्हणजे इंग्लंडातलं असं गाव, की जिथं ढोकळा हवा तेव्हा मिळतो आणि ऊन मिळत नाही. रविवारी दुपारी माझा डोळा लागत असताना त्याचा चेहरा फोनवर उगवला आणि लगेच मावळला. त्याच्या जागी एक टेबल आलं.

“मामा, बघ. वर्कस्टेशन लावलं.”

मला वाटलं ऑफिसचं काम घरी आणलं असेल. पण टेबलावर कागद नव्हता. करड्या रबराची चटई होती, गरम तार पडली तर लाकूड जळू नये म्हणून. लवचीक मानेचा दिवा होता आणि त्याच्याच पोटात गोल भिंग. तारेची रिळं जाडीप्रमाणे मांडलेली, चिनी मातीच्या टोकांचे चिमटे, पेन्सिलीएवढे स्क्रू-ड्रायव्हर चढत्या भाजणीत, तार कापायची पक्कड, डबीभर कापूस आणि रोध मोजायचा एक इवलासा मीटर. आमच्या शाखेची स्ट्राँगरूम उघडायलाही एवढी सामग्री लागत नाही.

“कशाचं रे हे?”

“कॉइलचं. हातानं वाइंड करतो.”

माझी झोप उडाली. “रेडिओची?”

“रेडिओ कोण ऐकतो मामा? व्हेपची.”

व्हेप म्हणजे ती विजेवरची सिगारेट. तिच्या पोटात तारेचं एक चिमुकलं वेटोळं असतं. त्यातून कापसाची वात ओवलेली, कापूस एका गोडसर रसात भिजलेला. बटण दाबलं की वेटोळं तापतं, रसाची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. वेटोळं बाजारात तयार मिळतं. पण आपला भाचा तयार घेणाऱ्यातला नाही. आजोबांवर गेला आहे. तीन मिलिमीटरच्या दांडीवर सव्वीस गेजच्या तारेचे तो सहा-सात वेढे घालतो, एकाला एक चिकटून, आणि मग रोध मोजतो. एक ओहमच्या आतबाहेर आला की खूश. नंतर बटण दाबून बघतो. वेटोळं मधून लाल व्हायला लागून दोन्ही टोकांकडे सारखं पसरत गेलं पाहिजे. एकच जागा आधी पेटली तर तिथं चिमट्यानं दाबायचं आणि पुन्हा बघायचं. जाड तारेवर बारीक तार गुंडाळून केलेल्या वेटोळ्याला म्हणे क्लॅप्टन म्हणतात. ते गिटारच्या तारेसारखं दिसतं, म्हणून एरिक क्लॅप्टनचं नाव. आपल्याकडे हा शोध लागता तर त्याला एखाद्या सतारियाचं नाव पडलं असतं, आणि घराण्यावरून भांडणं झाली असती.

भाच्याच्या आईची, म्हणजे माझ्या ताईची, पंचाईत वेगळीच आहे. भाचा दिवसाला पंधरा सिगारेटी ओढायचा, त्या सुटल्या. सिगारेट सुटली म्हणून पेढे वाटावेत, की वाफ लागली म्हणून डोकं धरावं, हे तिला ठरवता येत नाही. निकोटीन ते निकोटीनच, नळी बदलली म्हणून त्याची जात बदलत नाही, एवढं मीही त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि सातवा वेढा घातला. आपल्याकडे हे टेबल मांडायची सोयच नाही. २०१९ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद. तेव्हा वाचकांनी ह्या लेखातून काही प्रेरणा घेऊ नये. घ्यायचीच असेल तर टेबलापुरती घ्यावी.

कारण माझं लक्ष त्या वाफेकडे नव्हतंच. ते टेबलाकडे होतं. पोरानं एका नादासाठी पुरं एक टेबल राखून ठेवलं होतं, आणि त्यावर कोणी ताटं मांडत नव्हतं.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एका कचेरीत टायपिस्ट होते. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करून आलेला माणूस संध्याकाळी टेकतो. दादा टेबलाशी बसत. नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, आणि दोन खोल्यांत मिळून टेबल एक. त्याचा एक पाय आखूड, त्याखाली घडी घातलेलं पोस्टकार्ड. ह्याच टेबलावर आईची इस्त्री, माझा अभ्यास, ताईचं भरतकाम, श्रावणात सत्यनारायण, आणि उरलेल्या वेळात दादांचे वेढे. लग्नाआधी त्यांनी ह्याच टेबलावर क्रिस्टल रेडिओ केला होता. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी दुकानदाराकडून मागून आणायची, तिच्यावर एनॅमलच्या तारेचे शंभराच्या आसपास वेढे घालायचे, एक डायोड, एक कंडेन्सर, कानाला लावायचा हेडफोन, आणि गच्चीवर आडवी तार. वीज नको, सेल नको. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ पासून चालू होतं, ते त्यात अगदी स्वच्छ लागे, आणि दुसरं काही लागत नसे. गच्चीवरच्या त्या तारेवर शेजारच्या काकू परकर वाळत घालत. परकर ओला असला की बातम्या बारीक ऐकू येत, असं दादा शपथेवर सांगायचे.

त्या काळी रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. त्याचं पुस्तक असे आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. आईला मात्र शेवटपर्यंत शंका होती, की पुठ्ठ्याच्या नळीचा परवाना ह्यांनी काढला होता की नाही.

मी स्वतः कॉमर्सचा. वीज म्हणजे बिल, ह्यापलीकडे माझं ज्ञान जात नव्हतं. पण भाच्याचं टेबल पाहिल्यापासून मी दादांची जुनी पुस्तकं काढून बसलो, नवीही आणली. त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी शास्त्रज्ञांना बहुधा क्षुल्लक वाटत असावी आणि बँकेच्या कारकुनाला वाटत नाही. तारेच्या वेढ्यांच्या इतिहासात तार कमी आहे आणि जागेची भानगड जास्त.

सुरुवात विल्यम स्टर्जन ह्या इंग्रजापासून करू. हा आधी चांभाराकडे उमेदवार, मग सैन्यात. १८२४-२५ च्या सुमाराला त्यानं घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला लोखंडाचा तुकडा घेतला, त्याला रोगण फासलं आणि त्यावर तांब्याच्या तारेचे १८ वेढे घातले. तार उघडी, म्हणून वेढ्याला वेढा लागू द्यायचा नाही. तारेतून वीज सोडली की नाल चुंबक व्हायची आणि नऊ पौंड, म्हणजे चार किलो वजन उचलायची. वीज बंद केली की वजन धाडकन खाली.

आता ह्या कथेत येतो आपला माणूस. आपला म्हणजे नोकरदार. जोसेफ हेन्री, जन्म १७९७, न्यू यॉर्क राज्यातल्या आल्बनी गावच्या अॅकॅडमीत गणिताचा मास्तर. त्याच्या डोक्यात आलं, की तारेलाच रेशीम गुंडाळलं तर वेढे एकमेकांना चिकटून घालता येतील, एकावर एक थर चढवता येतील. रेशीम कुठून आणलं? बायकोच्या रेशमी परकराच्या चिंध्या करून, अशी दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे, पण तिचं नाव हॅरिएट होतं आणि लग्न १८३० सालचं होतं, म्हणजे परकर नवेच असणार. विद्युतशास्त्राच्या इतिहासात आणि आमच्या वाड्याच्या गच्चीवर परकराचं स्थान सारखंच महत्त्वाचं आहे, हे मी जाता जाता नोंदवून ठेवतो.

परिणाम मात्र दंतकथा नव्हे. हेन्रीच्या एका चुंबकानं ७५० पौंड उचलले. १८३१ साली येल कॉलेजासाठी त्यानं केलेल्या चुंबकानं २,०६३ पौंड पेलले, म्हणजे सुमारे ९३५ किलो. स्टर्जनचे चार किलो आठवा. ह्या फरकात वेढे दाटीनं घालण्याचा मोठा वाटा होता. मुंबईच्या लोकलमध्येही हेच तत्त्व आहे.

पण हेन्रीला प्रयोगशाळा नव्हती. शाळेचे वर्ग चालू असले की दिवसाचे सहा-सात तास शिकवायचं, आणि खोलीत पोरं. खोली रिकामी मिळायची ती फक्त ऑगस्टच्या सुटीत. त्या एका महिन्यात टेबलं मांडायची, तारा ओढायच्या, वेढे घालायचे. सप्टेंबर उजाडला, शाळा भरली, की सगळं उचलून कपाटात. राहिलेलं पुढच्या ऑगस्टला. त्यानं १८३० च्या ऑगस्टमध्येच एका वेटोळ्यातल्या बदलामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होताना पाहिली असावी, असं पुष्कळ जण मानतात. म्हणजे जनित्र, ट्रान्सफॉर्मर, पुढचा सगळा संसार त्याच्या टेबलावर दिसला होता. त्यानं ठरवलं, जरा मोठी मांडणी करून नीट बघू, मग छापू. आणि महिना संपला.

पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. तारीख २९, साल १८३१, स्थळ लंडन. मायकेल फॅरेडे हा पूर्वाश्रमीचा बुकबाइंडरचा उमेदवार. त्यानं सहा इंच व्यासाचं लोखंडी कडं घेतलं, एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे वेढे, मध्ये सुतळी आणि मांजरपाट घालून थरावर थर चढवले. पुस्तकं बांधलेल्या हाताला ते काम काही जड गेलं नसेल. एका बाजूला बॅटरी जोडली आणि दुसऱ्या बाजूच्या तारेजवळची चुंबकसुई हलली. जोडताना हलली, तोडताना हलली, मध्ये स्तब्ध. वर्ष संपायच्या आत त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला होता. हेन्रीनं ते १८३२ मध्ये वाचलं, घाईघाईनं आपलं लिहून जुलैत छापलं, आणि शोध फॅरेडेच्या नावावर लागला तो लागला.

फॅरेडे मोठाच होता, त्यात वाद नाही. पण मला त्याच्या राहण्याची हकीकत कळली तेव्हा मी पुस्तक मिटून जरा गप्प बसलो. तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच राहत असे. वर बिऱ्हाड, तळघरात प्रयोगशाळा. रात्री जेवायला वर जायचं आणि सकाळी जिना उतरला की कडं जिथं ठेवलं तिथंच, वेढा जिथं सोडला तिथंच. सप्टेंबर आला म्हणून त्याला कोणी टेबल आवरायला सांगत नव्हतं.

हेन्रीचं पुढं वाईट झालं असं नाही. १८४६ साली तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा पहिला सचिव झाला. १८९३ साली शिकागोच्या विद्युत-परिषदेनं वेटोळ्याच्या गुणाचं माप ठरवलं, त्याला ‘हेन्री’ नाव दिलं. आज कुठल्याही दुकानात कॉइल मागितली तर ती मिलिहेन्री, मायक्रोहेन्रीत मिळते. माणूस गेल्यावर पंधरा वर्षांनी एकक मिळालं. ऑगस्टच्या जोडीला सप्टेंबर मिळाला असता तर त्याला ते जास्त आवडलं असतं, असं आपलं मला वाटतं.

ह्यानंतर वेढ्यांची नुसती चंगळ झाली. आयर्लंडात मेनूथच्या कॉलेजात निकोलस कॅलन नावाचे पाद्री होते. त्यांनी १८३६ पासून एवढी जबरदस्त वेटोळी केली, की धक्का किती बसतो हे मोजायला ते विद्यार्थ्यांना हाताला धरून उभे करत. एक विद्यार्थी बेशुद्ध पडला, तेव्हा म्हणे कॉलेजनं विनंती केली, आणि पाद्रीबाबा टर्की कोंबड्यांकडे वळले. पॅरिसच्या रुमकॉर्फनं १८५१ मध्ये वेटोळं असं सुधारलं की ठिणगी इंचाइंचांनी उडायला लागली. १८६४ साली तिसऱ्या नेपोलियननं त्याला ५०,००० फ्रँकांचं बक्षीस दिलं. वेढे घालून कोणाला एवढे पैसे मिळाल्याची नोंद मला दुसरीकडे सापडली नाही. दादांना हे माहीत असतं तर त्यांनी ते आईला रोज सांगितलं असतं.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला म्हणून ह्या गृहस्थानं तीन वर्षं पगारच घेतला नाही आणि शिकवत राहिला. (बँकेच्या कुठल्याही युनियनला हा मार्ग सुचलेला नाही.) प्रयोगाला जागा मिळाली ती न्हाणीघराशेजारची, २४ चौरस फूट. सहा बाय चार, म्हणजे एक खाट टाकली की संपली. तिथं १८९४-९५ साली त्यांनी रेडिओच्या लहरींवर काम केलं, आणि गॅलिना नावाच्या खनिजाच्या स्फटिकानं त्या लहरी पकडायच्या युक्तीचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. क्रिस्टल रेडिओतला तो क्रिस्टल हाच. दादांच्या काळी त्याची जागा डायोडनं घेतली होती, तरी ते टेबलाशी बसताना एकदा बोसांचं नाव घेत. आई म्हणायची, “त्यांना न्हाणीघर तरी होतं. आपलं चार बिऱ्हाडांत एक.”

मग १९२२ साल आलं. अमेरिकन सरकारच्या मापखात्यानं चक्क एक पत्रकच काढलं, घरच्या घरी रेडिओ कसा करावा. वेढे घालायला काय घ्यावं? न्याहारीच्या धान्याचा गोल पुठ्ठ्याचा डबा. झालं, घरोघरची जेवणाची टेबलं तारांनी भरली. डबा रिकामा व्हायच्या आतच मुलं ओट्स बशीत ओतून डबा पळवत असणार, हा माझा अंदाज. दुसऱ्या महायुद्धात तर सैनिकांनी टेबलाचाही प्रश्न सोडवला. १९४४ मध्ये इटलीत आन्झिओच्या आघाडीवर त्यांनी खंदकात बसून पुठ्ठ्याच्या नळीवर वेढे घातले, स्फटिकाऐवजी दाढीचं ब्लेड, त्याला टेकवलेलं पेन्सिलीचं शिसं, आणि गाणी ऐकली. मांडी हेच टेबल.

हे सगळे वेढे चुंबकाचे. त्यांची तार तांब्याची, ती तापू नये अशी इच्छा असते. भाच्याचे वेढे उलट्या कुळीचे, तापण्यासाठीच जन्मलेले. तांबं तिथं चालत नाही. त्या तारेचा मूळपुरुष आल्बर्ट मार्श. त्याला १९०६ साली पेटंट मिळालं. ऐंशी टक्के निकेल, वीस टक्के क्रोमियम; लाल होते, पण हवेत जळून खाक होत नाही. हीच नायक्रोम. टोस्टर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, सगळं तिच्या पोटी. मग स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्झोवनं लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमची स्वस्त तार काढली. १९३१ साली तिची कंपनी झाली, ती कांथल. कांट्झोवमधला ‘कांट’ आणि हालस्टाहामर गावातला ‘हाल’. आपल्याकडे अशी नावं फक्त सहकारी सोसायटीच्या इमारतींना ठेवतात. भाच्याच्या रिळावर हेच नाव आहे.

आमच्या घरात ह्या कुळीची एक कॉइल होती, विजेच्या शेगडीतली. चिनी मातीच्या ताटलीत नागमोडी खाच, तिच्यात बसवलेली. ती तुटली की नवी आणायची नाही, दादा तुटलेली टोकं पीळ देऊन जोडायचे. जोडलेली जागा आधी लाल व्हायची, आणि आठ दिवसांत बरोबर तिथंच तुटायची. भाचा ज्या जागेला चिमट्यानं दाबतो ती हीच. आजोबांकडे चिनी मातीच्या टोकांचा चिमटा नव्हता. असता तर आमचा चहा वेळेवर झाला असता.

वाफेच्या सिगारेटीचं म्हणाल, तर हर्बर्ट गिल्बर्ट ह्या अमेरिकनाला १९६५ सालीच बिनधुराच्या सिगारेटीचं पेटंट मिळालं होतं; ती काही बाजारात चालली नाही. २००३ मध्ये होन लिक ह्या चिनी औषधशास्त्रज्ञानं, जो स्वतः दणकून सिगारेटी ओढायचा, आजची केली. गंमत म्हणजे त्याच्या पहिल्या कल्पनेत तापणारं वेटोळं नव्हतंच, थरथरणाऱ्या स्फटिकानं रसाचे तुषार उडवायचे होते. वेटोळं मागाहून शिरलं, आणि ते शिरल्यावर काही लोकांना धुरापेक्षा वेढ्यांचाच नाद लागला. ह्याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

आता टेबलाचं राहिलं.

दादा जाऊन सहा वर्षं झाली. भाच्याचा फोन ठेवल्यावर मी माळ्यावरून त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. वर पुस्तकं होती, त्यांखाली हँड ड्रिल, मूठभर चिंचोके आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक बॉबिन. त्यावर केसासारखी बारीक तार अर्धवट गुंडाळलेली, तारेचं दुसरं टोक अजून रिळात. तपकीर गल्लीतून वजनावर आणलेलं ते रीळ मला ओळखू आलं. सोबत टाइप केलेल्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं हिशेब: २३० व्होल्ट, व्होल्टमागे ८ वेढे, एकूण १,८४०. त्याखाली ११४०. त्याखाली काही नाही.

तो होता सेल वाचवायच्या एलिमिनेटरचा ट्रान्सफॉर्मर. ड्रिल टेबलाच्या कडेला आवळायचं, तोंडात बॉबिन अडकवायचं, उजव्या हातानं मूठ फिरवायची, डाव्या चिमटीतून तार सोडायची आणि मोठ्यानं मोजायचं. शंभर झाले की एक चिंचोका वाटीत. “अहो, पाणी आलंय” ही हाक हमखास सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला यायची. हाकेला ओ दिली की आकडा गेला, आणि आकडा गेला की तो शंभर उलटा सोडायचा. आईला वाटायचं हे मुद्दाम ओ देत नाहीत. ते खरंच होतं.

११४० वर ते थांबले, तो १९९५ चा जून. मी अकरावी कॉमर्सला गेलो. एके दिवशी कॉलेजातून आलो तर टेबल मोकळं, पुसलेलं, पायाखाली नवं पोस्टकार्ड.

“आता हे तुझं,” दादा म्हणाले. “सारखं आवराआवर करून अभ्यास होत नसतो.”

मी काय केलं त्या टेबलाचं? बुक-कीपिंगच्या वहीखाली क्रिकेटची मासिकं ठेवली. गाल वहीवर ठेवून दुपारी झोप काढली. बी. कॉम.ला सेकंड क्लास मिळाला, तेवढा तर मांडीवर पुस्तक घेऊनही मिळाला असता. मी २००१ साली बँकेत लागलो तेव्हा पहिल्या पगाराचे पेढे दादांसमोर ठेवले आणि मोठ्या दिलदारपणानं सांगितलं, “दादा, आता टेबल तुमचं.”

त्यांनी पेढा खाल्ला. म्हणाले, “राहू दे रे. बारीक तार आता दिसत नाही.”

त्या वेळी मला ते नेहमीच्या बोलण्यातलं वाटलं. चष्मा बदला, असं काहीतरी मी म्हणालोही.

मी भाच्याला बॉबिन दाखवलं. तो हरखून गेला. “मामा, इकडे पाठव, माझ्याकडे भिंगाचा दिवा आहे. एका संध्याकाळचं काम.” मग जरा थांबून म्हणाला, “पण अकराशे चाळीस बरोबर असतील कशावरून? नव्यानंच घालावे लागतील.”

मी चोवीस वर्षं लेजर सांभाळलं आहे. दुसऱ्याच्या हातची बाकी डोळे मिटून पुढं ओढायची नाही, हा आमचा पहिला नियम. पण टायपिस्टाच्या हातचा आकडा होता, आणि वाटीतले चिंचोके मी मोजले: अकरा.

भाच्याला म्हटलं, पाठवत नाही.

काल रात्री मी आमच्या जेवणाच्या टेबलाला ड्रिल आवळलं. भिंगाचा दिवा इथंही मिळतो, साडेसातशे रुपये. मुलीला वाटलं बाबा दात दुरुस्त करणार. कागदावर मी लिहिलं, मागील बाकी ११४०, आणि मूठ फिरवली. पहिला वेढा वाकडा पडला, तो सोडून पुन्हा घातला. पुढं हात बसत गेला. तार चिमटीतून जाताना गुदगुल्या होतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अकराशे पन्नास, अकराशे सत्तर, अकराशे नव्वद.

“अहो, ताटं घ्यायची आहेत.”

मी ओ दिली नाही. सहा वेढे आणखी घातले, मग कागदावर ११९६ लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि टेबल आवरलं.